घातक कचराडेपोजवळच्या रहिवाशांचे स्थलांतर आणि मदत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घातक कचराडेपोच्या आसपास राहणारे लोक बैठकांत, सुनावण्यांत आणि एकमेकांच्या ओट्यावर जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. कायदे देशोदेशी वेगळे असतात. तरीही खरी ओढाताण जवळपास सगळीकडे तीनच गोष्टींवर होते : नकाशावरची रेषा कुठे ओढली, यादीत कोणाचे नाव आले आणि मदत कोणत्या तारखेपर्यंत मिळणार. म्हणून या तिन्हींवर जास्त लिहिले आहे, बाकीचे थोडक्यात उरकले आहे.

डेपोजवळ राहण्यात नेमका धोका कशाचा असतो?

वायू, झिरपणारे पाणी, आग आणि ढीग कोसळणे.

कचरा कुजताना जो वायू तयार होतो त्यात साधारण निम्मा मिथेन आणि निम्मा कार्बन डायऑक्साइड असतो. हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान आले की एक ठिणगी पुरते. हा वायू डेपोचे कुंपण पाळत नाही. मुरमातून, खडकाच्या भेगांतून, सांडपाण्याच्या नळांतून तो वाट काढतो. इंग्लंडमध्ये डर्बीशायरमधल्या लॉस्को गावात २४ मार्च १९८६ रोजी हवेचा दाब काही तासांत झपाट्याने उतरला, जवळच्या भराव घातलेल्या खाणीतला वायू जमिनीतून वर आला आणि एका बैठ्या घरात स्फोट झाला. घर जमीनदोस्त झाले, आतले तिघे जबर जखमी झाले. आदल्या दिवशी वायू मोजला असता तर कदाचित काहीच सापडले नसते. एकदाच केलेल्या मोजणीवर विसंबू नका असे सांगतात ते यासाठी.

पावसाचे पाणी कचऱ्यातून खाली उतरताना जड धातू, द्रावके, अमोनिया असे बरेच काही सोबत घेते. या काळ्या पाण्याला लीचेट म्हणतात. तळाशी अस्तर नसेल किंवा ते फाटले असेल तर हे पाणी भूजलात जाते, आणि मग विहीर डेपोपासून किती लांब आहे यापेक्षा ती पाण्याच्या वाहत्या बाजूला आहे का, हे महत्त्वाचे ठरते.

ढीग कोसळण्याची घटना दुर्मीळ वाटते, पण यादी लांब आहे. इस्तंबूलच्या उम्रानियेत १९९३ मध्ये मिथेनचा स्फोट झाला, कचरा खालच्या घरांवर आला, ३९ जण गेले. फिलिपिन्समध्ये पायातासला १० जुलै २००० रोजी २०० हून अधिक. इंडोनेशियात बांडुंगजवळ लेउविगाजाह इथे २१ फेब्रुवारी २००५ रोजी १४३. अदिस अबाबाच्या कोशे डेपोवर मार्च २०१७ मध्ये १०० हून अधिक, आणि पुढच्याच महिन्यात कोलंबोच्या मीथोटामुल्लात ३२. लेउविगाजाह आणि पायातास, दोन्ही ठिकाणी ढीग मुसळधार पावसाने भिजलेला होता. लेउविगाजाहचा तर आतून धुमसतही होता. ढिगाच्या माथ्यावर नव्या भेगा, पायथ्याला फुगवटा, जवळच्या घरांच्या जमिनीला अचानक गेलेले तडे यांपैकी काहीही दिसले तर बैठकीची वाट पाहत बसू नये, बाहेर पडावे.

वास खूप येतो. म्हणजे हवा विषारी आहे का?

वासावरून ठरवता येत नाही, आणि हे दोन्ही बाजूंनी खरे आहे. सडक्या अंड्यांचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड आपल्या नाकाला अब्जात काही भाग इतक्या अल्प प्रमाणातही कळतो. तेवढ्याने विषबाधा होत नाही, पण डोकेदुखी, मळमळ, झोपमोड होते आणि तीही तक्रारच आहे. उलट हाच वायू दशलक्षात शंभर भागांच्या वर गेला की घ्राणशक्ती बधिर होते आणि वास ‘गेला’ असे वाटते. मिथेनला तर वासच नसतो. बेंझिनसारखे काही पदार्थ वास येण्याच्या कितीतरी आधीच्या पातळीला दीर्घकाळात अपाय करतात.

म्हणून ‘वास कमी झाला, आता परत या’ हे उत्तर स्वीकारू नये. कोणता वायू, किती, कुठे आणि कोणत्या वेळी मोजला, हे विचारावे. पहाटे वारा पडलेला असतो तेव्हा हवा जमिनीलगत साचते. दुपारी बाराला घेतलेला नमुना त्याबद्दल काहीच सांगत नाही.

आजार डेपोमुळेच होतात हे सिद्ध झाले आहे का?

एका माणसाच्या बाबतीत ते सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. लोकसमूहाच्या पातळीवर थोडे कळते. युरोपातल्या पाच देशांमधल्या २१ घातक कचराडेपोंभोवतीचा एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. डेपोपासून ३ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांच्या बाळांमध्ये, गुणसूत्रांशी संबंध नसलेल्या जन्मजात व्यंगांचा धोका त्यात सुमारे ३३ टक्के जास्त आढळला. तीन वर्षांनी ब्रिटनमधल्या सगळ्या प्रकारच्या डेपोंचा मोठा अभ्यास झाला. तिथली जवळपास ८० टक्के लोकसंख्या कुठल्या ना कुठल्या डेपोच्या २ किलोमीटरच्या आत राहते असे त्यात दिसले आणि धोक्यातली वाढ मात्र किरकोळ निघाली. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर सरसकट ‘डेपो’ या गोष्टीबद्दल बोलण्यात अर्थ नाही हे कळते. आत काय टाकले आहे आणि ते तुमच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचते, यावर सगळे ठरते.

अधिकारी ‘आजाराचा थेट संबंध सिद्ध झालेला नाही’ असे म्हणतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात. पण हलवण्याच्या निर्णयाला तो पुरावा लागतच नाही. विषारी पदार्थ आहे आणि तो घरात पोचण्याची वाट उघडी आहे, एवढे दाखवले की पुरे. माणसे आजारी पडेपर्यंत थांबून मग आकडेवारी जमवायची असेल तर स्थलांतराला अर्थ काय राहिला?

किती अंतरापर्यंतच्या लोकांना हलवतात?

ठरावीक अंतर नाही, आणि गोल रेषेवर विश्वासही ठेवू नये.

अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉलचे उदाहरण इथे टाळता येत नाही. एका अर्धवट सोडलेल्या कालव्यात हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि ती जमीन १९५३ मध्ये एका डॉलरला शाळा मंडळाला विकली. तिथे शाळा बांधली गेली, भोवती घरे आली. ऑगस्ट १९७८ मध्ये राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी आणीबाणी जाहीर केली, ती फक्त गर्भवती आणि दोन वर्षांखालच्या मुलांनी घर सोडावे अशा शिफारशीसह. तीन वर्षांच्या मुलाचे काय, आईसोबत बापाने जायचे की नाही, असे प्रश्न लगेच उठले. आठवड्याच्या आत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी केंद्रीय आणीबाणी जाहीर केली आणि कालव्यालगतच्या पहिल्या दोन रांगांमधल्या २३९ कुटुंबांना कायमचे हलवायचे ठरले. कुंपण घातले गेले. कुंपणाच्या पलीकडे उरलेल्या शेकडो कुटुंबांना सांगण्यात आले की तुम्हाला धोका नाही.

लोइस गिब्ज यांच्या नेतृत्वाखाली रहिवाशांनी घरोघरी फिरून आजारांची नोंद केली आणि ती नकाशावर मांडली. आजार वर्तुळात पसरलेले नव्हते. पूर्वी त्या भागातून वाहणाऱ्या आणि नंतर बुजवलेल्या ओढ्यांच्या पात्रांवर ते गोळा झालेले दिसत होते. बेव्हर्ली पेगन या शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. राज्याच्या तज्ज्ञांनी ही माहिती आधी उडवून लावली. पण उरलेल्या कुटुंबांच्या स्थलांतरासाठी १९८० मध्ये अखेर पैसा मंजूर झाला.

म्हणून रेषेचा नकाशा हातात पडला की जुन्या जाणत्या लोकांना बसवून विचारा : ओढा कुठून जात होता, तळे कुठे होते, भराव कधी टाकला, गटार कोणत्या बाजूला उतरते. रेषा त्या उताराने जायला हवी. आणि ती रस्त्याच्या मधून गेली असेल, म्हणजे समोरासमोरच्या घरांपैकी एक आत आणि एक बाहेर असेल, तर त्याचे शास्त्रीय कारण लेखी मागा. बहुतेकदा कारण निधीचे असते.

आधी डेपो साफ करा की. माणसांना का हलवायचे?

प्रश्न रास्त आहे, आणि बहुतेक यंत्रणांचे धोरणही हेच आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९९ मध्ये कायमच्या स्थलांतराबद्दल जे अंतरिम धोरण काढले त्यातही शक्यतो सफाई करून लोकांना घरातच सुरक्षित ठेवण्याला पसंती आहे. घरे पाडल्याशिवाय सफाईच करता येत नसेल, किंवा सुरक्षित पातळी गाठणे शक्य नसेल, अशा ठिकाणी कायमचे स्थलांतर सुचवले आहे. फ्लोरिडात पेन्साकोला इथल्या एका लाकूड-प्रक्रिया कारखान्याच्या जागेशेजारची ३५८ कुटुंबे हलवण्याचा प्रायोगिक प्रकल्प याच काळातला.

व्यवहारात एक अडचण येते. सफाई सुरू झाली की खोदकामाने वायू आणि धूळ उठते, म्हणजे सगळ्यात वाईट हवा नेमकी त्या महिन्यांत असते. ‘सफाई होईपर्यंत तरी आम्हाला बाहेर ठेवा’ ही मागणी म्हणूनच अवाजवी नाही.

तात्पुरते आणि कायमचे स्थलांतर यांत फरक काय?

तात्पुरत्यामध्ये घर तुमचेच राहते आणि राहण्याचा खर्च, म्हणजे हॉटेल किंवा भाडे, दुसरा कोणीतरी उचलतो. कायमच्यामध्ये घर विकत घेतले जाते किंवा बदली घर मिळते. धोका अंगावर आला असेल तर तात्पुरते आधी होते, आणि लोक फसतात ते इथेच. ‘दोन आठवडे’ म्हणून निघालेले कुटुंब वर्षभर एका खोलीत काढते, तिकडे घराचे हप्ते चालू, इकडे भाड्याची मदत महिन्याच्या महिन्याला कोणाच्या तरी मर्जीवर.

निघण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर असाव्यात. मदत कोणत्या तारखेपर्यंत आहे. ती तारीख उलटली आणि घर सुरक्षित झाले नाही तर पुढे काय. कोणता पदार्थ कोणत्या पातळीखाली आला की घर ‘सुरक्षित’ मानणार. आणि रिकाम्या घराची राखण कोण करणार. यांतली तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त टाळली जाते आणि नंतरचे सगळ्यात जास्त वाद तिच्यावरूनच होतात.

पैसे कोण देतो?

तत्त्व असे की ज्याने घाण केली त्याने द्यावे. लव्ह कॅनॉलनंतर डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकेत जो कायदा झाला, ज्याला लोक सुपरफंड म्हणतात, त्यात कचरा टाकणारा, वाहून नेणारा आणि जागेचा मालक अशा सगळ्यांवर जबाबदारी येते आणि ती पूर्वलक्षी असते. ‘तेव्हा हे कायदेशीर होते’ ही सबब चालत नाही. पण तत्त्व आणि तारीख यांत फार अंतर पडते. हूकरची मालकी ज्या ऑक्सिडेंटल कंपनीकडे गेली होती तिने केंद्र सरकारला सुमारे १२ कोटी ९० लाख डॉलर देण्याचे १९९५ मध्ये मान्य केले, म्हणजे लोक बाहेर पडल्यानंतर सतरा वर्षांनी.

त्यामुळे मागणी अशी करावी : सरकारने आधी खर्च करून लोकांना हलवावे आणि कंपनीकडून नंतर वसूल करावे. दोषी कोण याचा निकाल लागेपर्यंत लहान मुलांनी तीच हवा घेत राहावी, असे कोणताही शहाणा कायदा म्हणत नाही. कचराडेपो नगरपालिकेचाच असेल तर प्रश्न अवघड होतो, कारण पंचनामा करणारा आणि पैसे देणारा एकच असतो. अशा वेळी मोजणी तरी बाहेरच्या प्रयोगशाळेकडून करून घेण्याचा आग्रह धरावा.

आम्ही भाडेकरू आहोत. आम्हाला काही मिळते का?

मिळायला हवे, आणि मागितल्याशिवाय बहुधा मिळत नाही. घर विकत घेण्याची योजना मालकाला समोर ठेवून आखलेली असते. मालक पैसे घेऊन मोकळा होतो आणि भाडेकरूला महिन्याची नोटीस मिळते. लव्ह कॅनॉलमध्येही लगतच्या ग्रिफन मॅनर या सरकारी वसाहतीतल्या भाडेकरूंना, ज्यांत कृष्णवर्णीय कुटुंबे मोठ्या संख्येने होती, घरमालकांच्या संघटनेपासून वेगळे उभे राहून आपले म्हणणे मांडावे लागले. बातम्यांमधून ते जवळपास गायबच राहिले.

भाडेकरूने किमान इतके मागावे : सामान हलवण्याचा खर्च, नव्या घराची अनामत, जुन्या आणि नव्या भाड्यातला फरक ठरावीक काळापर्यंत, आणि आरोग्य तपासणीत मालकाइतकाच हक्क. विष कोणाच्या नावावर घर आहे ते पाहून शरीरात शिरत नाही.

घराचे कागदच नाहीत. आम्ही यादीत येऊ का?

कागद नाहीत म्हणून हक्क शून्य होत नाही, निदान आंतरराष्ट्रीय मापदंडांनुसार तरी. जागतिक बँकेचे पुनर्वसनाचे मानक आणि तिच्याच गटातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाचे २०१२ चे मानक, दोन्ही जमिनीवर कायदेशीर हक्क नसलेल्या रहिवाशालाही घराच्या बांधकामाची भरपाई आणि पुनर्वसनाची मदत द्यायला सांगतात. जमिनीची किंमत मात्र त्याला मिळत नाही. प्रकल्पाला या संस्थांचा पैसा असेल तर ही अट बंधनकारक असते. नसेल तरी सुनावणीत आधार म्हणून दाखवता येते. संयुक्त राष्ट्रांची २००७ ची निष्कासनाविषयीची मार्गदर्शक तत्त्वेही याच दिशेची आहेत : आधी पुरेशी सूचना, खरी चर्चा, आणि कोणीही बेघर होता कामा नये.

खरी लढाई ‘कट-ऑफ’ तारखेची असते. या तारखेला जो तिथे राहत होता तोच पात्र, असा नियम लावतात. नियम चुकीचा नाही. पैसे मिळणार म्हटल्यावर रातोरात झोपड्या उभ्या राहतात हेही खरे आहे. पण तारीख आधी जाहीर होऊन सगळ्यांपर्यंत पोचायला हवी, मागची तारीख गुपचूप लावता येत नाही. पाहणी करणारे येतात तेव्हा जो कामावर, दवाखान्यात किंवा गावी असतो त्याच्या दारावर ‘बंद’ असा शेरा पडतो आणि पुढे त्या शेऱ्याशी वर्षानुवर्षे झगडावे लागते. वस्तीने स्वतःची यादी आधीच करून ठेवावी. वीजबिल, शाळेचा दाखला, लसीकरणाचे कार्ड, दवाखान्याची चिठ्ठी, टपालाने आलेले पत्र, ज्यावर पत्ता आणि तारीख आहे असे काहीही चालते. एका घरात दोन चुली असतील, म्हणजे दोन कुटुंबे, तर तीही वेगळी नोंदवून घ्यावीत. नंतर ‘एक दार, एक घर’ असे म्हटले की धाकटी जाऊ उघड्यावर येते.

घराची किंमत कशी ठरवतात? डेपोमुळे भाव तर पडलेलाच आहे.

हाच सापळा आहे. बाजारभाव म्हणजे डेपोशेजारचा भाव धरला तर त्या पैशात दुसरीकडे न्हाणीघरही येणार नाही. वर सांगितलेल्या मानकांत ‘बदली किंमत’ हे माप आहे : तेवढ्याच सोयींचे घर सुरक्षित जागी घ्यायला जितके लागेल तितके, व्यवहाराचा खर्च धरून आणि घर जुने झाले म्हणून होणारी घट न कापता. घराचे मूल्यांकन ‘प्रदूषण नसते तर’ या गृहीतावर झाले पाहिजे, हे पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. घरावर कर्ज असेल तर बँक आधी आपला वाटा कापते. हातात काय उरेल ते सही करण्याआधी आकड्यांत काढा.

आमचे पोट त्या कचऱ्यावरच चालते. आम्ही कुठे जाणार?

कचरावेचकांचा हा प्रश्न बहुतेक पुनर्वसन आराखड्यांत शेवटच्या पानावर असतो. घर मिळाले आणि काम तीस किलोमीटर लांब राहिले, तर माणूस महिन्याभरात परत येऊन डेपोच्या कडेला पाल ठोकतो. त्याला ‘विकून परत आले’ म्हणून दोष देणे सोपे असते.

पायातासमध्ये २००० सालच्या दुर्घटनेनंतर डेपो बंद झाला आणि काही महिन्यांतच पुन्हा उघडला. शहराचा कचरा टाकायला दुसरी जागा नव्हती आणि हजारो लोकांची रोजी त्यावर होती. त्या घटनेनंतर देशात घनकचऱ्याचा नवा कायदा आला, पण डेपो कायमचा बंद व्हायला २०१७ उजाडले.

रिओ द जानेरोचा जार्दिम ग्रामाशो डेपो जून २०१२ मध्ये बंद झाला तेव्हा वेगळे घडले. तिथले कचरावेचक संघटित होते, त्यांची नोंदणी झालेली होती. सुमारे १,७०० जणांना प्रत्येकी जवळपास १४ हजार रियाल एकरकमी मिळाले, आणि हा पैसा डेपोतल्या वायूच्या विक्रीच्या अपेक्षित उत्पन्नातून उभा केला गेला. कल्पना चांगली होती. पण एकरकमी पैसा काही महिन्यांत संपतो, आणि डेपोवर उभी राहिलेली वस्ती डेपोशिवाय कशी जगणार याचे उत्तर तिथेही नीट मिळाले नाही.

माझ्या मते वेचकांनी तीन गोष्टींवर अडून बसावे. नव्या वर्गीकरण केंद्रात नावानिशी कामाची हमी. बंद होण्याची तारीख आणि पर्यायी काम सुरू होण्याची तारीख यांत एक दिवसाचाही खंड पडला तर त्या काळाची रोजी. आणि कचरा गोळा करण्याचा करार खासगी कंपनीला द्यायचाच असेल तर त्यात वेचकांना घेण्याची अट. ओळखपत्र नसलेला वेचक भरपाईच्या वेळी हमखास ‘बाहेरचा’ ठरतो, म्हणून नोंदणीचे काम डेपो बंद होण्याच्या चर्चेआधी उरकलेले असावे.

नवी जागा सुरक्षित आहे हे कसे तपासायचे?

सामान बांधण्यापूर्वी स्वतः जाऊन पाहावे, शक्यतो पावसाळ्यात आणि एकदा रात्री. मुंबईत तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना माहुलमध्ये, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी पाठवले गेले. हवेविरुद्ध तक्रारी, आजारपणे आणि लांबलेले आंदोलन झाल्यावर कोणालाही तिथे सक्तीने पाठवता येणार नाही, असा निर्णय उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. एका धोक्यातून काढून दुसऱ्यात टाकण्याचा हा प्रकार नवा नाही, कारण शहरात स्वस्त आणि रिकामी जमीन उरते ती बहुधा अशाच ठिकाणी.

जागेचा पूर्वीचा वापर विचारा. माती आणि पाण्याच्या चाचणीचा अहवाल मागा. पूररेषा, जवळचे कारखाने, शाळेची जागा, रात्री चालणारा दवाखाना, शेवटची बस किती वाजता सुटते हे सगळे पाहा. शेजारी-शेजारी राहणारी कुटुंबे एकत्र हलवा असेही सांगा. म्हातारी माणसे आणि एकट्या बायका ज्यांच्या भरवशावर राहतात ते शेजार तुटले की त्याची भरपाई कोणत्याच तक्त्यात येत नाही.

आम्हाला जायचेच नाही. सक्ती करता येते का?

इमारत किंवा ढीग कोसळण्याचा तातडीचा धोका असेल तर बहुतेक कायदे सक्तीने बाहेर काढू देतात. संथ, दीर्घकालीन प्रदूषणात योजना शक्यतो ऐच्छिक ठेवतात. लव्ह कॅनॉलच्या बाहेरच्या भागातली काही डझन कुटुंबे राहिलीच. राहणाऱ्याने एक विचार करून ठेवावा : शेजार रिकामा झाला की दुकान, बस, शाळा एकेक करून बंद पडतात, आणि योजनेची मुदत उलटल्यावर घर घ्यायला कोणी येत नाही. ‘आज नको, पण दोन वर्षांत मन बदलले तर हाच देकार मिळेल’ असे लिहून घेता आले तर उत्तम.

हलेपर्यंत घरात काय काळजी घ्यावी?

विहीर किंवा बोअरचे पाणी संशयास्पद असेल तर उकळून उपयोग नाही. उकळल्याने जंतू मरतात, धातू आणि बहुतेक रसायने तशीच राहतात, उलट पाणी आटल्याने दाट होतात. बाहेरून आणलेले पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला वापरा. धूर किंवा धूळ असेल तेव्हा एन-९५ मास्क कणांना अडवतो, वायूंना अडवत नाही. तळघर, बंद टाकी, गटाराचे चेंबर अशा जागी काडी पेटवू नका. चक्कर आली तर आत वाकून पाहू नका, आधी सगळ्यांना बाहेर काढा. चपला दाराबाहेर, केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, मुलांचे हात जेवणाआधी धुणे या साध्या गोष्टींनी मातीतून पोटात जाणारे विष बरेच कमी होते. परसातले कंद आणि पालेभाज्या खाणे थांबवा. दमेकरी, गर्भवती आणि तान्ही मुले यांना नातेवाइकांकडे पाठवता येत असेल तर आदेशाची वाट पाहू नका, मात्र त्या खर्चाच्या पावत्या जपून ठेवा. नंतर त्या मागता येतात.

पुरावा म्हणून काय ठेवावे?

एक वही. तारीख, वेळ, कसला वास, वारा कुठून, घरात कोणाला काय झाले, तक्रार कोणाकडे केली आणि तिचा क्रमांक. दहा घरांनी स्वतंत्रपणे ठेवलेल्या अशा दहा वह्या एका सह्यांच्या निवेदनापेक्षा कितीतरी जड पडतात, कारण त्या डेपोवरच्या कामाच्या नोंदींशी पडताळून पाहता येतात. दवाखान्यात गेल्यावर पत्ता आणि ‘डेपोशेजारी राहतो’ हे केसपेपरवर लिहून घ्या.

कंपनी पैसे देते आहे आणि कागदावर सही मागते आहे. करावी का?

भाड्याची किंवा हॉटेलची मदत स्वीकारताना ‘पुढे कोणताही दावा करणार नाही’ अशी ओळ त्यात आहे का, ते आधी पाहा. तातडीची मदत आणि कायमचा समझोता हे दोन वेगळे कागद असायला हवेत. काही आजार दिसायला दहा-वीस वर्षे लागतात. आज मिळणाऱ्या दोन महिन्यांच्या भाड्यासाठी तो हक्क सोडणे हा फार महाग सौदा आहे. वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही, आणि वकील कंपनीने सुचवलेला नको. माध्यमांशी बोलायचे नाही अशी अट असेल तर ती का आहे, हेही विचारा.

स्थलांतरानंतर आरोग्य तपासणी कोण करते?

लोक विखुरले की त्यांचा माग हरवतो, म्हणून निघण्यापूर्वीच सर्वांची नोंदवही तयार व्हायला हवी : नाव, वय, किती वर्षे राहिले, घर डेपोच्या कोणत्या बाजूला. पहिली तपासणी निघताना, नंतरच्या ठरावीक अंतराने. अहवालाची प्रत रहिवाशाला मिळालीच पाहिजे. मन:स्वास्थ्य विसरले जाते. वर्षानुवर्षे आपण मुलांना विषात वाढवले ही बोचणी, विशेषतः आयांच्या मनात, घर बदलल्याने जात नाही. समुपदेशनाची सोय आराखड्यात लिहून घ्यावी.

डेपो झाकला की परत जाता येते का?

कधी कधी. अमेरिकेच्या मिसूरी राज्यातल्या टाइम्स बीच गावात धूळ बसावी म्हणून १९७०च्या दशकात रस्त्यांवर डायॉक्सिन हे अतिविषारी रसायन मिसळलेले टाकाऊ तेल फवारले गेले होते. डिसेंबर १९८२ च्या पुरानंतर तपासण्यांचे निष्कर्ष आले, १९८३ मध्ये सरकारने सगळे गाव विकत घ्यायचे ठरवले, दोन हजारांहून जास्त लोक गेले आणि १९८५ मध्ये नगराचे अस्तित्वच कायद्याने संपवले गेले. माती जाळून स्वच्छ केल्यावर १९९९ मध्ये तिथे उद्यान उघडले. राहायला कोणी परतले नाही. लव्ह कॅनॉलच्या उत्तरेकडची घरे मात्र १९९० पासून पुन्हा विकली गेली, वस्तीला नवे नाव मिळाले, आणि नंतर तिथल्या नव्या रहिवाशांनीही दूषित पाणी आणि आजारांच्या तक्रारी घेऊन दावे दाखल केले.

झाकलेला डेपो पुढे कित्येक दशके वायू आणि लीचेट सोडत राहतो. अमेरिका आणि युरोपीय संघ बंद केल्यानंतर साधारण ३० वर्षे देखभाल करायला लावतात. परत जाण्याचा विचार असेल तर ही देखभाल कोण करणार, तिचा निधी बाजूला काढून ठेवला आहे का, आणि वायूच्या मोजणीचे आकडे रहिवाशांना दर महिन्याला पाहता येणार का, एवढे तरी विचारून घ्यावे.